शोकांतिका नेमकी कोणाची?

गेल्या सत्रात एम.ए.च्या वर्गाला मी एक छोटा प्रकल्प दिला होता. शोकांतिकेचा नायक ही संकल्पना शिकवून झाली होती. ॲरिस्टॉटल झाला, शेक्सपिअर झाला, गडकरी झाले. विद्यार्थ्यांनी आपल्या काळातील किंवा परिसरातील एखादी व्यक्ती निवडावी आणि ती या संकल्पनेत कितपत बसते ते तपासावे, असा विषय होता. कुणी राजकीय नेता निवडला, कुणी क्रिकेटपटू. खोपटच्या एस.टी. डेपोमागे राहणाऱ्या एका विद्यार्थ्याने निवडला हर्षद मेहता.

प्रकल्प चांगला होता, हे आधीच सांगून टाकते. सामान्य घरातून आलेला, बुद्धिमान, साहसी माणूस. मर्यादेचे भान सुटणे हा त्याचा दोष. त्यातून वैभवाच्या शिखरावरून झालेले पतन. आणि शेवटी तुरुंगवासातला मृत्यू. सर्व टप्पे त्याने नीट मांडले होते. वर्गात त्याचे वाचन झाले तेव्हा बाके वाजली. २०२० साली आलेली 'स्कॅम १९९२' ही मालिका वर्गातल्या जवळजवळ प्रत्येकाने पाहिलेली होती आणि तिच्यातला एक यमकदार संवाद कुणीतरी मागच्या बाकावरून म्हटलाही. मी चांगले गुण दिले. पण घरी परतताना मन अस्वस्थ होते. त्या अस्वस्थतेचा शोध घेण्यासाठी हा लेख.

प्रथम एक स्थानिक संदर्भ. त्या विद्यार्थ्याच्या नायकाचा अंत जिथे झाला ती जागा विद्यार्थ्याच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर आहे, हे त्याला ठाऊक नव्हते. नोव्हेंबर २००१ मध्ये हरवलेल्या शेअर्सच्या प्रकरणात केंद्रीय अन्वेषण विभागाने हर्षद मेहता यांना पुन्हा अटक केली. ते ठाण्याच्या मध्यवर्ती कारागृहात न्यायालयीन कोठडीत होते. वर्षाच्या अखेरीस एका रात्री छातीत दुखू लागले म्हणून त्यांना ठाण्याच्या सिव्हिल हॉस्पिटलात नेण्यात आले आणि तिथेच त्यांचे निधन झाले. वय अवघे ४७. पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला, १७३७ साली मराठ्यांनी जिंकलेला आणि इंग्रजांनी तुरुंग केलेला हा किल्ला. १९१० साली अनंत कान्हेरे यांना फाशी दिली गेली ती याच ठिकाणी. दलाल स्ट्रीटचा 'बिग बुल' ठाण्यात वारला, ही बातमी मी ऐकली तेव्हा नुकतीच तासिका तत्त्वावर शिकवू लागले होते. माझ्या वडिलांनी टीव्हीचा आवाज कमी केला आणि एवढेच म्हणाले, "गेला बिचारा." बिचारा हा शब्द मला तेव्हाही खटकला होता. पंचवीस वर्षे होत आली, वर्गात बाके वाजली तेव्हा तोच शब्द पुन्हा ऐकल्यासारखे वाटले.

आता मूळ व्यवहाराकडे वळू. हर्षद मेहता म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर शेअर बाजार येतो. १९९१ च्या आरंभी एक हजाराच्या आसपास असलेला निर्देशांक एप्रिल १९९२ मध्ये साडेचार हजारांच्या जवळ पोचला, एसीसीचा शेअर काहीशे रुपयांवरून नऊ हजारांच्या घरात गेला, हे सगळ्यांना आठवते. पण शेअर बाजार हा या नाटकाचा रंगमंच होता. पैसा येत होता विंगेतून, म्हणजे सरकारी रोख्यांच्या बाजारातून. त्या बाजारात ना आरडाओरडा होता ना गर्दी. बँकांचे काही अधिकारी, काही दलाल आणि टेलिफोन एवढाच त्याचा पसारा.

आम्ही भाषेची माणसे. तेव्हा शब्दापासून सुरुवात करू. 'रोख' म्हणजे हातातले नाणे आणि 'रोखा' म्हणजे त्या नाण्याबद्दल दिलेला कागद. एका कान्याचा फरक. पण या कान्यात सगळा विश्वास साठवलेला असतो. रोखा हा मुळात शब्द असतो, दिलेला शब्द. त्या काळी बँकांना आपल्या ठेवींचा ३८.५ टक्के इतका मोठा भाग सरकारी रोख्यांत आणि तत्सम मान्य गुंतवणुकीत ठेवावा लागे. त्यावरचे व्याज बेताचे. बँकांना नफा हवा होता. मग आज रोखे विकायचे आणि ठरल्या दिवशी ठरल्या भावाने परत घ्यायचे, असे व्यवहार फोफावले. नाव खरेदीविक्रीचे, प्रत्यक्षात थोड्या मुदतीचे कर्जच. रिझर्व्ह बँकेच्या वहीत या रोख्यांची नोंद हाताने होई आणि तिला वेळ लागे. म्हणून रोख्याऐवजी 'बँक रिसीट' म्हणजे पावती देण्याची रीत पडली: पैसे पोचले, रोखे मागाहून देऊ.

म्हणजे मूळचा रोखा हा पैशाबद्दलचा शब्द आणि ही पावती त्या शब्दाबद्दलचा शब्द. वस्तू आणि शब्द यांच्यातले अंतर वाढत गेले की काय होते, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांना वेगळे सांगायला नको. काही बँकांनी हाती रोखेच नसताना पावत्या दिल्या. दुसऱ्या बँकेने त्या पावतीवर विश्वास ठेवून धनादेश काढला. धनादेश बँकेच्या नावे असे, पण रक्कम जमा होई दलालाच्या खात्यात. तिथून ती शेअर बाजारात जाई. २३ एप्रिल १९९२ रोजी सुचेता दलाल यांनी स्टेट बँकेतील तुटीची बातमी 'टाइम्स ऑफ इंडिया'त दिली आणि पडदा वर गेला. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या जानकीरामन समितीने मोजलेला आकडा चार हजार कोटींहून अधिक होता.

इथे एक मराठी नाव येते आणि ते मालिकेच्या चाहत्यांच्या सहसा लक्षात राहत नाही. कराड बँक. कृष्णा-कोयनेच्या संगमावरच्या गावाचे नाव लावणारी ही छोटी खाजगी बँक. तिच्या मुंबईतल्या व्यवहारांतून तिच्या ऐपतीच्या कितीतरी पट रकमेच्या, मागे रोखेच नसलेल्या पावत्या दलालांसाठी निघाल्या. १९९२ सालीच ती बुडीत निघाली आणि पुढे तिचा कारभार बँक ऑफ इंडियाकडे गेला. त्या वेळी ठेवींना विम्याचे संरक्षण होते ३० हजार रुपयांपर्यंत. १ मे १९९३ पासून ते एक लाख झाले. मधल्या काळात कराडच्या ठेवीदाराची रात्र कशी गेली असेल, यावर मालिका निघालेली नाही. निघणारही नाही, कारण त्याच्याकडे लेक्सस गाडी नव्हती.

लोकप्रिय कथेने आणखी एक गोष्ट केली आहे. तिने सगळा गैरव्यवहार एका माणसाच्या नावावर चढवला. वस्तुतः दलाल अनेक होते, त्यांचे परस्परांशी वैर होते, आणि या व्यवहारांत राष्ट्रीयीकृत बँका होत्या तशाच प्रतिष्ठित परदेशी बँकाही होत्या. जानकीरामन समितीने आणि नंतर संयुक्त संसदीय समितीने त्यांच्यावरही ठपका ठेवला. सार्वजनिक कंपन्या आपला पडून असलेला पैसा जास्त परताव्याच्या आशेने बँकांकडे देत होत्या, बँका तो दलालांकडे सरकवत होत्या. प्रत्येकाला दुसऱ्यापेक्षा थोडे जास्त हवे होते. या 'थोडे जास्त'ची बेरीज म्हणजे तो घोटाळा.

माझा पहिला आक्षेप इथे आहे. साहित्याला लोभ ओळखता येतो तो चेहऱ्यावरून. आपल्या 'शारदे'तच पाहा. देवलांनी १८९९ साली कांचनभट रंगवला. नावातच सोने. पोटच्या मुलीचा पैशासाठी सौदा करणारा बाप, विकत घेऊ पाहणारा भुजंगनाथ आणि मध्ये सौदा जुळवणारा भद्रेश्वर दीक्षित. विकणारा, घेणारा आणि दलाल, तिघेही आपल्याला दिसतात, आपण त्यांचा तिरस्कार करू शकतो आणि शेवटी सुटकेचा नि:श्वास टाकतो. रोखेबाजारातल्या लोभाला असा चेहरा नसतो. तो फायलीत असतो, 'प्रथा अशीच आहे' या वाक्यात असतो, वरिष्ठाने न विचारलेल्या प्रश्नात असतो. चेहरा नसलेल्या लोभाची गोष्ट सांगणे अवघड म्हणून आपण एक चेहरा निवडतो आणि सगळे त्याच्यावर सोपवतो. आधी द्वेष, मग तीस वर्षांनी प्रेम. दोन्ही वेळा बाकीचे सुटतात.

पाश्चात्त्य कादंबरीने हे आव्हान पेलण्याचा प्रयत्न तरी केला. पॅरिसमधल्या एका बँकेच्या १८८२ च्या पतनाचा आधार घेऊन झोलाने १८९१ मध्ये 'लार्जां' लिहिली. टॉम वुल्फच्या 'द बॉनफायर ऑफ द व्हॅनिटीज' (१९८७) या कादंबरीचा नायक शेर्मन मॅकॉय हा न्यूयॉर्कमधला रोख्यांचा विक्रेता. स्वतःला विश्वाचा धनी समजणाऱ्या या माणसाला त्याची लहान मुलगी विचारते की बाबा, तुम्ही काय बनवता? मैत्रिणीचे वडील पुस्तके बनवतात. बापाला उत्तर देता येत नाही. मग त्याची बायको उपहासाने समजावते: दुसऱ्याने भाजलेला केक हातोहात पुढे सरकवायचा आणि सांडलेले सोनेरी कण गोळा करायचे, हे बाबांचे काम. या एका प्रसंगात संपूर्ण धंद्याची चिकित्सा आहे. आपल्याकडे अरुण साधूंनी 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन'मधून सत्तेची यंत्रणा उघडी करून दाखवली, रंगनाथ पठाऱ्यांच्या 'ताम्रपटा'त सहकार आणि राजकारणाचा विशाल पट आला. पण ज्या शहरात रिझर्व्ह बँक आहे आणि ज्या शहरातल्या बँकांच्या काउंटरमागे हजारो मराठी माणसांनी आयुष्य काढले, त्या शहराच्या भाषेत रोखेबाजाराला मध्यवर्ती स्थान देणारी मोठी कादंबरी माझ्या वाचनात नाही. पैशाचा विषय रुक्ष, असे आपण म्हणतो. माझ्या मते आपल्याला तो रुक्ष वाटत नाही, लाजिरवाणा वाटतो.

कादंबरीने न सांगितलेली गोष्ट इतिहास मात्र पुन्हा सांगतो. दहाच वर्षांनी, २००२ साली, होम ट्रेड प्रकरण उघडकीस आले. वाशीतली ही कंपनी. सचिन तेंडुलकर, शाहरुख खान, हृतिक रोशन तिच्या जाहिरातींत झळकलेले. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने तिच्यासह काही दलाल कंपन्यांमार्फत सरकारी रोखे विकत घेतले, म्हणजे पैसे दिले. रोखे आलेच नाहीत. वर्धा आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्हा बँकेचेही हात पोळले. युक्ती जुनीच, कागद नंतर देऊ. योगायोग असा की त्याच २००२ च्या फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेची रोख्यांच्या व्यवहारांसाठीची संगणकीय व्यवस्था आणि क्लिअरिंग कॉर्पोरेशन सुरू झाले. मोठ्या बँकांच्या दारातून हाकललेले भूत मागच्या दाराने जिल्हा बँकांत शिरले. जिल्हा बँक म्हणजे कापूस-सोयाबीनवाल्याचे पीककर्ज, शिक्षकाचा पगार, ग्रामपंचायतीचा निधी. या प्रकरणात बँकेचे तत्कालीन अध्यक्ष सुनील केदार आणि अन्य पाच जणांना नागपूरच्या न्यायालयाने पाच वर्षांची शिक्षा सुनावली ती २२ डिसेंबर २०२३ रोजी. त्यावर अपील झाले, शिक्षेला स्थगिती मिळून जामीनही झाला. न्यायालयाचे काम न्यायालय करील. माझ्या मनात राहतो तो मधला काळ: एकवीस वर्षे. २००२ साली पीककर्ज न मिळालेल्या शेतकऱ्याचा मुलगा तोवर स्वतः बाप झाला असेल.

आता पुन्हा वर्गाकडे येते. 'एकच प्याला' शिकवताना एक प्रश्न परीक्षेत पिढ्यान्पिढ्या विचारला जातो: ही शोकांतिका सुधाकराची की सिंधूची? आपण दोन्ही बाजू लिहायला शिकवतो. दोष सुधाकराचा, निर्णय सुधाकराचा, म्हणून नायक तो. यातना सिंधूच्या, दळण सिंधू दळते, म्हणून करुणा तिच्याकडे जाते. गडकऱ्यांचे मोठेपण असे की त्यांनी सिंधूला रंगमंचाबाहेर ठेवले नाही. सुधाकराच्या हातातल्या प्याल्याची किंमत कोण मोजते, हे प्रेक्षकाला डोळ्यांदेखत पाहावे लागते. माझ्या विद्यार्थ्याच्या प्रकल्पात सुधाकर होता, तळीरामही होते. सिंधू नव्हती. ज्या कथेतून सिंधू काढून टाकली आहे, तिला शोकांतिका म्हणायचे की निव्वळ प्याल्याची जाहिरात?

हे मी वर्गात बोलले. तो विद्यार्थी उठून म्हणाला, "मॅडम, पण बाकीचे सगळे सुटले आणि मेला तो एकटाच. म्हणून तर तो नायक." हा मुद्दा सोपा नाही आणि मी तो टाळणार नाही. सप्टेंबर १९९९ मध्ये मारुती उद्योगाच्या पैशाच्या प्रकरणात विशेष न्यायालयाने मेहतांना पाच वर्षांची शिक्षा दिली होती. म्हणजे ते निर्दोष नव्हते. पण ज्या व्यवस्थेने त्यांना घडवले तिच्यातील अनेकांच्या प्रतिष्ठेला ओरखडाही उठला नाही, हेही खरे. एकट्याला शिक्षा होणे हा अन्याय असू शकतो. परंतु त्या अन्यायामुळे त्या एकट्याचे कृत्य उदात्त होत नाही. बळीचा बकरा आणि शोकांतिकेचा नायक यांत फरक करायला शिकवणे हेच तर आमचे काम.

दुसरी एक मुलगी म्हणाली, "सामान्य माणसेही लोभीच होती ना, मॅडम?" या प्रश्नाने मात्र मला घरात आणून सोडले.

मी १९९२ साली आठवीत होते. आम्ही खोपटला चाळीत राहायचो. वडील वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात. चाळीतल्या एका काकांनी मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे शेअर्समध्ये घातले होते. एप्रिलच्या शेवटी ते गॅलरीत नुसते बसून असत आणि काकू आत भांडी आदळत. ते काका लोभी होते का? होते, थोडे. नंतरच्या काळात माझ्या आईने वडिलांच्या ग्रॅच्युइटीतली काही रक्कम एका सहकारी बँकेत ठेवली, कारण तिथे एक टक्का व्याज जास्त होते. त्या बँकेवर निर्बंध आले. सहा महिन्यांत एक हजार रुपये काढता येतील, अशी सूचना दारावर लागली. आई रोज रांगेत जाऊन उभी राहायची. पैसे मिळणार नाहीत हे माहीत असूनही जायची. "बाकीचे येतात ना," म्हणायची. माझी आई लोभी होती का? तो एक टक्का म्हणजे वर्षाला तिच्या औषधांचे पैसे होते.

लोभ आणि गरज यांच्यामधली रेषा पुसट असते, हे मान्य. पण दोन्हींत एक कसोटी लावता येते. आईने जोखीम घेतली ती स्वतःच्या पैशाची, आणि ती जोखीम आहे हे तिला कुणी सांगितले नव्हते. चाळीतल्या काकांनीही आपलेच पैसे लावले. रोखेबाजारातल्या माणसाने जोखीम घेतली ती दुसऱ्याच्या पैशाची, त्याला न विचारता, आणि नफा झाला तर आपला अशा बोलीवर. यालाच धाडस म्हणून टाळ्या वाजतात तेव्हा मला खटकते. परक्याच्या जिवावर केलेल्या उदारपणाला मराठीत काय म्हणतात, ते सर्वांना ठाऊक आहे.

आपल्या परंपरेत रोख्यांची एक गोष्ट आहे, आणि ती वर्गात सांगितल्यावर कुणी बाक वाजवले नाही, पण वर्ग शांत झाला. देहूच्या महाजनाच्या घरातला एक तरुण. दुष्काळात व्यापार बुडालेला. घरात कर्जखतांचा गठ्ठा, म्हणजे लोकांकडून येणे असलेले रोखेच. परंपरा सांगते की त्याने निम्मी खते धाकट्या भावाला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. तुकोबांच्या गाथेचे तरणे आपल्याला पाठ असते. हे बुडवणे आपण विसरतो. त्यांनी कागद बुडवला आणि कागदाच्या दुसऱ्या टोकाला असलेली माणसे तारली. १९९२ साली आणि २००२ साली कागद तरंगत राहिले आणि माणसे बुडाली. कागदाच्या दुसऱ्या टोकाला नेहमी कुणीतरी असते, एवढे भान ठेवणे हा मला त्या कथेचा अर्थ वाटतो. अध्यात्म नंतर.

प्रकल्पाचे गुण मी बदलले नाहीत. विद्यार्थ्याला एकच सुचवले आहे की त्याने दुसरा भाग लिहावा, आणि त्यासाठी कराडला किंवा नागपूरला जाण्याचीही गरज नाही. खोपटच्या चाळींत, पाचपाखाडीच्या सोसायट्यांत, डोंबिवलीच्या लोकलमध्ये बुडीत बँकांचे ठेवीदार त्याला हवे तेवढे भेटतील. पुढल्या वर्षीच्या प्रश्नपत्रिकेत 'ही शोकांतिका कोणाची?' हा प्रश्न असेल, आणि त्यात नाटकाचे नाव दिलेले नसेल.

आई गेली त्याला आता सहा वर्षे झाली. तिच्या पेटीत त्या बँकेची मुदत ठेवीची पावती प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली सापडली. रक्कम, तारीख, सही, शिक्का, सगळे बरोबर आहे. पावती अगदी खरी आहे.